प्रकाश देणारे पॉलिमर: प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस्सी झाल्यावर प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय अर्धवाहकांवर काम करायला आलेल्या मुलामुलींना पहिली ओढ असते ती स्वतःचा नवा रेणू बनवण्याची. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ती ओढ काही महिने आवरा. आधी एखादा जुना, अनेक प्रयोगशाळांनी वापरलेला पॉलिमर घ्या. त्याची फिल्म करा, ती मोजा, तिचा दिवा लावा आणि तोच आकडा पुन्हा पुन्हा येईपर्यंत थांबा. या क्षेत्रातली बहुतेक अपयशं रेणूमुळे येत नाहीत. ती धूळ, ओलावा, प्राणवायू आणि चुकीचं मोजमाप यांतून येतात. ज्याला ही कारणं ओळखता येत नाहीत, तो चांगल्या रेणूवरही वाईटपणाचा शिक्का मारून मोकळा होतो.

पुढचा क्रम याच हिशेबाने लावला आहे. रसायनशास्त्राकडून आलेल्यांनी डिव्हाइसचा भाग सावकाश वाचावा, भौतिकशास्त्राकडून आलेल्यांनी शुद्धीकरणाचा.

पहिली पायरी: चमकतं काय, ते समजून घ्या

कार्बनच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून आले की दुहेरी बंधांतले सैल इलेक्ट्रॉन दोन अणूंपुरते बांधलेले राहत नाहीत, साखळीच्या बऱ्याच लांबीवर पसरतात. अशा साखळीला संयुग्मित पॉलिमर म्हणतात. इलेक्ट्रॉन जितके लांबवर पसरतील, तितकं भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधलं अंतर कमी होतं. भरलेल्यांमधली सगळ्यात वरची पातळी ती होमो, रिकाम्यांमधली सगळ्यात खालची ती लुमो. हे अंतर साधारण दोन ते तीन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान असलं की निघणारा प्रकाश डोळ्यांना दिसतो. एक सूत्र पाठच करा: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. ५५० नॅनोमीटरचा पिवळसर हिरवा प्रकाश म्हणजे सुमारे २.२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट.

इतिहास वाचताना नवख्यांची एका जागी गल्लत होते. १९७७ मध्ये हिदेकी शिराकावा, अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांनी आयोडीनसारख्या हॅलोजनच्या वाफेने पॉलिअ‍ॅसिटिलीनची विद्युतवाहकता प्रचंड वाढते हे दाखवलं आणि २००० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तो पदार्थ मुद्दाम डोप करून, म्हणजे बाहेरचा पदार्थ मिसळून मोकळे प्रभार वाढवून, चालक बनवलेला होता. प्रकाश देणारा थर मात्र डोप न केलेला, शक्य तितका शुद्ध हवा, कारण जास्तीचे मोकळे प्रभार प्रकाश विझवतात.

प्रकाशाची परंपरा वेगळ्या वाटेने आली. १९६३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकातून विजेवर प्रकाश मिळवला, पण त्यासाठी शेकडो व्होल्ट लागले. १९८७ मध्ये रॉचेस्टरला कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांचे दोन अतिपातळ थर एकावर एक दिले आणि १० व्होल्टच्या आत दर चौरस मीटरला १००० कँडेलाहून जास्त उजेड मिळवला. १९९० मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेरेमी बरोज, डॉनल ब्रॅडली, रिचर्ड फ्रेंड आणि रसायनशास्त्र विभागातले अँड्र्यू होम्स यांच्या गटाने पॉलिफेनिलीन व्हिनिलीन, म्हणजे पीपीव्ही, या पॉलिमरच्या एकाच थरातून हिरवट पिवळा प्रकाश काढून दाखवला. त्याची कार्यक्षमता नगण्य होती, शंभर इलेक्ट्रॉनांमागे ०.०५ फोटॉन इतकीच. तरी त्यानंतर जगभरच्या पॉलिमर रसायनशास्त्रज्ञांनी या विषयात उडी घेतली.

शेकडो व्होल्टवरून दहाच्या आत येण्याचं मोठं कारण जाडी. १०० नॅनोमीटरच्या थरावर ५ व्होल्ट लावले तर विद्युतक्षेत्र दर मीटरला ५ कोटी व्होल्ट होतं. एवढं क्षेत्र लागतं, कारण या पदार्थांत प्रभाराला सिलिकॉनसारखा मोकळा रस्ता नसतो. नदीच्या पात्रातले दगड गाठत पलीकडे जावं तसा तो एका साखळीवरून दुसरीवर उड्या मारत जातो. एका बाजूने इलेक्ट्रॉन येतो, दुसऱ्या बाजूने होल, म्हणजे इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा, येतो, दोघांची गाठ पडते आणि एक्सायटॉन तयार होतो. या पदार्थांचा परावैद्युतांक, म्हणजे प्रभारांमधली ओढ किती झाकली जाते तो आकडा, तीनच्या आसपास, सिलिकॉनचा जवळपास बारा. त्यामुळे इथे ही जोडी घट्ट बांधलेली राहते. खोलीच्या तापमानाची ऊर्जा ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर जोडीची बंधनऊर्जा त्याच्या दहापटीहून जास्त. म्हणून ती सुटत नाही. तिच्यापुढे प्रकाश देणं किंवा उष्णता होऊन विझणं, हे दोनच मोठे रस्ते उरतात.

स्पिनचा हिशेबही आताच समजून घ्या, पुढे तो पदोपदी लागतो. विजेने बनलेल्या एक्सायटॉनांपैकी २५ टक्के सिंगलेट, म्हणजे जोडीतले स्पिन एकमेकांविरुद्ध, ७५ टक्के ट्रिपलेट, म्हणजे स्पिन समांतर. साध्या सेंद्रिय पदार्थांत प्रकाश देतात ते सिंगलेट.

दुसरी पायरी: सुरुवातीचा पॉलिमर निवडा

एमईएच-पीपीव्ही हा शिकायला जुना आणि चांगला पदार्थ. पीपीव्ही स्वतः विरघळत नाही. केंब्रिजच्या गटाला आधी विरघळणारा पूर्वपदार्थ पसरवून मग तापवून पीपीव्ही करावा लागला होता. एमईएच-पीपीव्हीच्या बेंझीन वलयांवर फांद्यांसारख्या बाजूच्या साखळ्या असल्यामुळे तो टोल्यूइन, क्लोरोबेंझीनमध्ये विरघळतो. रंग नारिंगी लाल. पण उजेड आणि प्राणवायू एकत्र मिळाले की त्याचे व्हिनिलीन बंध तुटतात, तिथे कार्बोनिल गट बसतात आणि चमक उतरते. त्यातून हाताला शिस्त लागते.

एफ८बीटी हा फ्लुओरीन आणि बेंझोथायाडायझोल यांचा सहपॉलिमर. फिल्ममध्ये ४६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि ५४० च्या आसपास देतो. शोषण आणि उत्सर्जन यांत एवढं अंतर असल्याने स्वतःचाच प्रकाश गिळण्याचा त्रास कमी, म्हणून प्रकाशीय मोजमापं शिकायला तो मला सगळ्यात पसंत आहे.

दिवा लावायला शिकायचं तर सुपर यलो. हा पीपीव्हीच्याच कुळातला सहपॉलिमर, रेणुभार फार मोठा, फिल्म एकसारखी होते. अनेक गटांचे आकडे उपलब्ध असल्याने तुमचा दिवा कुठे कमी पडतो ते लगेच कळतं.

निळ्यापासून सुरुवात करू नका. पॉलिफ्लुओरीनची निळी फिल्म थोडी ऑक्सिडाइज झाली की साखळीत फ्लुओरेनोनचे दोष तयार होतात. ते संख्येने अगदी कमी असले तरी आजूबाजूची ऊर्जा त्यांच्याकडे ओढली जाते आणि निळ्याच्या जागी हिरवट झाक येते. विषय सुंदर आहे, पण त्यात उतरायला आधी हात बसलेला हवा.

बाटली आली की बॅच क्रमांक आणि रेणुभार वहीत लिहा. नाव तेच असलं तरी दोन बॅचचे गुण वेगळे निघतात.

तिसरी पायरी: द्रावण आणि फिल्म

सुपर यलोचं टोल्यूइनमध्ये दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम एवढं द्रावण सुरुवातीला पुरेसं आहे. ते घाईने होत नाही. काळ्या किंवा फॉइल गुंडाळलेल्या बाटलीत, चुंबकी ढवळणीवर, साधारण ५० ते ६० अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी बाटली उजेडासमोर धरून जेलीसारखे कण दिसतात का पाहा. दिसले तर अजून थांबा. एवढ्या लांब साखळ्यांचं द्रावण बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून दाबून काढलं तर पॉलिमर फिल्टरमध्येच अडकतो आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पातळ द्रावण हाती येतं. म्हणून याला मोठ्या छिद्रांचा फिल्टर वापरतात. एफ८बीटीसारख्या साध्या द्रावणाला ०.४५ मायक्रॉनचा पीटीएफई फिल्टर चालतो.

द्रावक बदलला की फिल्म बदलते, हे अनेकांना पटायला वेळ लागतो. क्लोरोबेंझीनमध्ये एमईएच-पीपीव्हीच्या साखळ्या मोकळ्या पसरतात. वाळताना त्या एकमेकींवर जास्त टेकतात आणि उत्सर्जन लालीकडे सरकतं. टीएचएफमध्ये त्या गुंडाळलेल्या राहतात, त्यामुळे फिल्ममध्ये साखळ्यांचा एकमेकींशी संपर्क कमी येतो. पॉलिमर एकच, फिल्मच्या वागण्यात मात्र फरक. म्हणून वहीत नुसतं ‘एमईएच-पीपीव्ही फिल्म’ लिहिलेली नोंद निरुपयोगी आहे. द्रावक, सांद्रता, तापमान, वेग, काच, खोलीतली आर्द्रता, फिल्म किती वेळ तापवली, हे सगळं लिहा.

स्पिन कोटिंगचा, म्हणजे काच वेगाने फिरवून द्रावण पसरवण्याचा, ढोबळ नियम असा की जाडी वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वेग चौपट केला तर जाडी निम्मी. एकाच द्रावणाच्या चार वेगांवर चार फिल्म करा, सुईने ओरखडा काढून प्रोफाइलोमीटरवर जाडी मोजा आणि स्वतःचा आलेख काढा. ओरखडा मध्यावर आणि कडेला, दोन्हीकडे काढा, कारण कडेला द्रावण साचून थर जाड होतो. हा आलेख पुढे प्रत्येक डिव्हाइसला लागतो.

जाडीचा एवढा आग्रह का, तर या थरांतला प्रवाह बहुधा साठलेल्या प्रभाराने बांधलेला असतो. आदर्श स्थितीत तो व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो आणि जाडीच्या घनाने घटतो. त्याच व्होल्टेजला जाडी दुप्पट केली तर प्रवाह आठव्या हिश्श्यावर येतो. जाडी मोजताना दहा टक्के चूक झाली तर त्यातून काढलेली मोबिलिटी, म्हणजे प्रभार किती सहज सरकतो तो आकडा, सुमारे तीस टक्क्यांनी चुकते.

चौथी पायरी: वीज लावण्याआधी प्रकाश मोजा

फिल्म काचेवर आहे तोवरच तिची ओळख करून घ्या. आधी शोषण वर्णपट, मग उत्सर्जन वर्णपट, मग शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा: शोषलेल्या दर शंभर फोटॉनांमागे किती फोटॉन बाहेर आले. याला क्वांटम यील्ड म्हणतात.

द्रावणाचं क्वांटम यील्ड ओळखीच्या मानकाशी तुलना करून काढता येतं. आम्लातलं क्विनाइन सल्फेट निळ्या भागासाठी, इथेनॉलमधलं ऱ्होडामीन ६जी पिवळ्या नारिंगी भागासाठी. दोन्ही द्रावणांचं शोषण ०.१ च्या खाली ठेवा आणि द्रावक वेगळे असतील तर अपवर्तनांकाची दुरुस्ती करा. फिल्मला मात्र ही पद्धत लावू नका. फिल्मचा प्रकाश काचेत अडकतो, कडेने निघतो, दिशेनुसार बदलतो. तिच्यासाठी इंटिग्रेटिंग स्फिअर, म्हणजे सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणारा आतून पांढरा पोकळ गोल, हवा. १९९७ मध्ये जॉन डी मेलो, फेलिक्स विटमन आणि फ्रेंड यांनी मांडलेली तीन मोजमापांची पद्धत अजून वापरात आहे: गोल रिकामा असताना, लेझर भिंतीवर पडत असताना आणि लेझर थेट फिल्मवर पडत असताना. मोजताना गोलात नायट्रोजन सोडा. हवेत लेझरखाली पीपीव्हीच्या कुळातली फिल्म तुमच्या डोळ्यांदेखत खराब होते आणि तुम्ही दर मिनिटाला वेगळाच पदार्थ मोजत राहता.

याच पायरीवर एक सवय लावून घ्या. दोन सारख्या फिल्म करा, केल्या केल्या त्यांचे वर्णपट घ्या आणि त्याच फिल्म आठवड्याने पुन्हा मोजा. एक ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत ठेवलेली, एक टेबलावर उजेडात ठेवलेली. दोन वक्र एकावर एक ठेवून पाहिले की प्राणवायूबद्दल वेगळं व्याख्यान लागत नाही.

पाचवी पायरी: दिवा बांधणं

साधी रचना अशी. काचेवर आयटीओचा, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइडचा, वीज वाहणारा पारदर्शक थर, त्यावर पेडॉट-पीएसएस हा होल पुढे देणारा वाहक पॉलिमर, त्यावर प्रकाश देणारा पॉलिमर, त्यावर कमी कार्यफलनाचा, म्हणजे ज्यातून इलेक्ट्रॉन काढायला कमी ऊर्जा लागते असा, धातू आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियम.

आयटीओ स्वच्छ करणं हे सर्वांत कंटाळवाणं काम आणि सगळ्यात जास्त डिव्हाइस इथेच मरतात. एक मायक्रॉनचा धुळीचा कण तुमच्या थराच्या दहापट उंच असतो. तिथे वरचा धातू थेट खाली टेकतो आणि शॉर्ट होतो. साबणाचं पाणी, मग शुद्ध पाणी, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपेनॉल, प्रत्येकात अल्ट्रासोनिक बाथमध्ये दहा-पंधरा मिनिटं, नायट्रोजनने वाळवणं आणि शेवटी यूव्ही-ओझोन. काच चिमट्याने कडेलाच धरा. स्वच्छ झालेल्या काचेवर पाणी थेंब थेंब न राहता पसरतं. नसेल पसरत तर पुन्हा धुवा. यूव्ही-ओझोनमुळे आयटीओचं कार्यफलनही वाढतं, पण तो परिणाम टिकत नाही, म्हणून त्यानंतर लगेच पुढचा थर द्या.

पेडॉट-पीएसएस पाण्यातलं असतं. ०.४५ मायक्रॉनच्या पीव्हीडीएफ फिल्टरमधून गाळून ४० नॅनोमीटरच्या आसपास थर द्या आणि १२० ते १५० अंशांवर भाजा. ते ओलावा भराभर शोषतं. जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईत किंवा कोकणात काम करणाऱ्यांनी हे भाजण्याचं काम शक्यतो ग्लोव्ह बॉक्सच्या आतच करावं, किंवा आत नेल्यावर पुन्हा एकदा भाजावं. पावसाळ्यात डिव्हाइस बिघडले आणि ऑक्टोबरनंतर आपोआप सुधारले, असं दिसलं तर रेणूकडे बोट दाखवण्याआधी आर्द्रतेची नोंद काढून बघा.

पॉलिमरचा थर ७० ते १०० नॅनोमीटर ठेवा आणि तो ग्लोव्ह बॉक्समध्येच द्या. तिथे प्राणवायू आणि पाणी दोन्ही दहा लाखांत एका भागाच्या खाली हवं. संपर्काच्या जागा द्रावकात बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या.

आता धातू. आयटीओचं कार्यफलन पाच इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतबाहेर, सुपर यलोसारख्या पॉलिमरची लुमो तीनच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियमचं ४.२ ते ४.३, म्हणजे नुसत्या अ‍ॅल्युमिनियममधून इलेक्ट्रॉनाला मोठी चढण चढावी लागते. कॅल्शियमचं २.९, म्हणून कॅल्शियम किंवा बेरियमचा पातळ थर देऊन त्यावर १०० नॅनोमीटर अ‍ॅल्युमिनियम देतात. दुसरा मार्ग लिथियम फ्लोराइडचा सुमारे १ नॅनोमीटर थर आणि वर अ‍ॅल्युमिनियम. कोणताही धातू चढवताना निर्वात एका मिलिबारच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून चांगला असू द्या. कॅल्शियम चढवायला सुरुवातीचा वेग कमी ठेवा. पंप आणि ग्लोव्ह बॉक्स यूपीएसवर आहेत का, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. बाष्पीभवन चालू असताना वीज गेली तर तो सगळा संच टाकून द्यावा लागतो.

कॅथोडचा एवढा विचार करूनही पीपीव्हीच्या कुळात इलेक्ट्रॉन होलपेक्षा मागेच राहतात. याचं कारण नेदरलँड्समधल्या पॉल ब्लॉम यांच्या गटाने २०१२ मध्ये एकत्र मांडलं. वेगवेगळ्या पॉलिमरांत इलेक्ट्रॉन पकडणारे सापळे जवळपास एकाच ऊर्जेला, ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सापडतात आणि त्यांचं मूळ पाणी-प्राणवायूशी जोडलेलं असावं. हे समजलं की एक जुना प्रश्न सुटतो. लुमो त्या सापळ्यांहून उथळ, म्हणजे तिचा आकडा ३.६ पेक्षा कमी, असलेल्या पदार्थात इलेक्ट्रॉन अडकणार हे जवळपास ठरलेलंच, मग साखळी कितीही नीटनेटकी असो. नवा रेणू आखताना हा आकडा समोर ठेवा.

सुरक्षेबद्दल तडजोड नको. क्लोरोबेंझीन, क्लोरोफॉर्म फ्यूम हूडमध्येच. हॅलोजन असलेल्या द्रावकांचा कचरा वेगळ्या बाटलीत. कॅल्शियमचे तुकडे पाण्यापासून दूर. आयटीओ कोरताना जस्ताची भुकटी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, त्यातून हायड्रोजन आणि आम्लाची वाफ निघते, त्यामुळे एकट्याने रात्री हे काम करू नका.

सहावी पायरी: दिवा लागला, आता आकडे

व्होल्टेज हळूहळू चढवा. सुपर यलोचा दिवा अडीच व्होल्टच्या आसपास मिणमिणू लागतो. दोन व्होल्टच्या खाली, म्हणजे प्रकाश सुरू होण्याआधीच, प्रवाह जास्त दिसला तर तो गळतीचा आहे. त्या पिक्सेलचे, म्हणजे काचेवरच्या त्या एका छोट्या दिव्याचे, कार्यक्षमतेचे आकडे वापरू नका.

कँडेला प्रति अँपिअरचा हिशेब हाताने करून बघा. समजा दर चौरस मीटरला १००० कँडेला आहेत आणि प्रवाहघनता दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर. ती दर चौरस मीटरला १०० अँपिअर होते. भागाकार १०. सुपर यलोसाठी हा आकडा समाधानकारक आहे. इथे सगळ्यात जास्त घोळ पिक्सेलच्या क्षेत्रफळात होतो. मास्कवरचं क्षेत्रफळ आणि धातू प्रत्यक्ष पसरलेलं क्षेत्रफळ सारखं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली मोजा.

बाह्य क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर आलेले फोटॉन, काढताना प्रकाश सगळ्या दिशांना लॅम्बर्टच्या नियमानुसार, म्हणजे दिवा कोणत्याही कोनातून सारखाच उजळ दिसेल असा, जातो असं बरेचजण गृहीत धरतात. आधी कोन बदलून तपासा. काचेच्या कडेने निघणारा प्रकाश झाका, नाहीतर आकडा फुगतो. २००३ मध्ये स्टीफन फॉरेस्ट, डॉनल ब्रॅडली आणि मार्क थॉम्पसन यांनी कार्यक्षमता कशी मोजावी याची शिस्त लिहून काढली, ती प्रत्येक नवख्याने वाचायलाच हवी. मोजलेला आकडा खरा वाटतो का, हे पारखायला एक साधा हिशेब: सिंगलेट २५ टक्के आणि सपाट काचेतून बाहेर येऊ शकणारा प्रकाश साधारण २० टक्के, म्हणजे साध्या फ्लुओरेसंट पदार्थाची मर्यादा ५ टक्क्यांच्या आसपास. ट्रिपलेट एकमेकांवर आदळून काही सिंगलेट बनतात, त्यामुळे थोडं वर जाता येतं. पण तुमच्या साध्या पॉलिमरने १५ टक्के दाखवले तर पेपर लिहायला बसण्याआधी फोटोडायोडचं कॅलिब्रेशन आणि क्षेत्रफळ पुन्हा तपासा, दुसऱ्या प्रयोगशाळेत एक डिव्हाइस मोजून घ्या.

सर्वोत्तम पिक्सेलसोबत सरासरी आणि पसाराही लिहा. किती पिक्सेल केले, किती चालले, हे लपवणारा पेपर पुढच्या विद्यार्थ्याचे महिने खातो.

सातवी पायरी: आता तुमचा रेणू

ओळखीचा पॉलिमर हुकमी चालायला लागला की संश्लेषणाकडे वळा. पॉलिफ्लुओरीन आणि त्याच्या सहपॉलिमरांसाठी सुझुकी अभिक्रिया, म्हणजे पॅलेडियम उत्प्रेरकाने मोनोमर जोडणारी, सर्वांत रुळलेली. दोन मोनोमर अगदी समप्रमाणात हवेत. एकात १ टक्का तूट पडली, तर अभिक्रिया पूर्ण झाली तरी साखळीतल्या घटकांची सरासरी संख्या १९९ च्या पुढे जात नाही. त्यामुळे मोनोमर पुन्हा पुन्हा स्फटिकरूप करून शुद्ध करणं आणि वजन काळजीने करणं यातच अर्धं यश आहे. द्रावणातला प्राणवायू नीट काढा, नाहीतर पॅलेडियम मरतं आणि साखळी आखूड राहते. शेवटी साखळीची टोकं बंद करायला विसरू नका.

शुद्धीकरण टाळणाऱ्याला दिवा माफ करत नाही. मेथॅनॉलमध्ये पॉलिमर खाली बसवा, मग सॉक्सलेटमध्ये, म्हणजे गरम द्रावकाने पुन्हा पुन्हा धुणाऱ्या उपकरणात, मेथॅनॉल, अ‍ॅसिटोन, हेक्झेन अशी रांग लावून लहान साखळ्या आणि कचरा काढा आणि शेवटी क्लोरोफॉर्मने हवा तो भाग घ्या. उरलेलं पॅलेडियम काढण्यासाठी सोडियम डायइथाइलडायथायोकार्बामेटच्या पाण्यातल्या द्रावणाने धुतात. धातूचे अवशेष प्रकाश विझवतात आणि प्रभार अडकवतात. रंग सुंदर दिसला म्हणून पॉलिमर शुद्ध झाला असं होत नाही.

रेणुभार जीपीसीवर, म्हणजे साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर, पॉलिस्टायरीनच्या तुलनेत मोजला जातो. कडक साखळ्यांचा रेणुभार त्यात फुगून येतो, हे अहवालात नमूद करा. होमो पातळी सायक्लिक व्होल्टॅमेट्रीने काढताना फेरोसीन या संदर्भ पदार्थाची पातळी काहीजण ४.८ धरतात, काहीजण ५.१. तुम्ही कोणती धरली ते लिहा आणि दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्याआधी त्याने कोणती धरली ते शोधा. ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या या फरकावर कितीतरी चुकीचे निष्कर्ष उभे राहिले आहेत.

ट्रिपलेटांचं काय करायचं

७५ टक्के एक्सायटॉन वाया घालवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. १९९८ मध्ये फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या गटाने प्लॅटिनमचा संकुल रेणू वापरून ट्रिपलेटांतून प्रकाश काढला आणि लगोलग इरिडियमचे संकुल आले. जड अणूमुळे ट्रिपलेटांना प्रकाश देण्याची वाट मोकळी होते. २०१२ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठात चिहाया आदाची यांच्या गटाने धातूशिवायचा मार्ग दाखवला. रेणूत दाता आणि ग्राही भाग एकमेकांना पिळलेले ठेवून सिंगलेट आणि ट्रिपलेट यांतलं अंतर इतकं कमी केलं की खोलीच्या उष्णतेवर ट्रिपलेट वर चढून सिंगलेट होतो आणि प्रकाश देतो. याला टीएडीएफ म्हणतात.

एक सोपा प्रयोग जरूर करा. फोरसीझेडआयपीएन हा त्या गटाचा प्रसिद्ध रेणू विकत मिळतो. टोल्यूइनमध्ये त्याचं पातळ द्रावण करून यूव्ही दिव्याखाली धरा, मग नायट्रोजनचे बुडबुडे सोडा. हिरवी चमक वाढताना नुसत्या डोळ्यांना दिसते, कारण विरघळलेला प्राणवायू ट्रिपलेटांना गिळत होता. टीएडीएफची तत्त्वं समजवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

आजच्या फोनच्या पडद्यांत निर्वातात चढवलेले लहान रेणू असतात, पॉलिमर नाहीत, हे ठाऊक असू द्या. तरी द्रावणातून छापता येणारे थर, प्रकाश देणाऱ्या विद्युतरासायनिक पेशी, पॉलिमर लेझर आणि जैविक प्रतिमांसाठीचे नॅनोकण या कामांत पॉलिमरचा अभ्यास जोरात चालू आहे. निळा दिवा टिकवणं अजून अवघड आहे. ४६० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि एवढी ऊर्जा रेणूच्या कमजोर बंधांना धोक्यात घालायला पुरते. मोठा प्रश्न हवा असेल तर हा घ्या.

साधनं कुठे मिळतील

गाईडकडे सगळी यंत्रं नसली म्हणून थांबू नका. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स सुविधा आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम) कार्यक्रमातून बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांसाठी खुल्या केल्या आहेत आणि त्यांची प्रशिक्षण शिबिरंही होतात. आयआयटी कानपूरला लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर, दोन्हीकडे संयुग्मित पॉलिमरांवर काम झालेलं आहे. देशातल्या संस्थांची उपकरणं आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर शोधून आरक्षित करता येतात. कोल्हापूर, जळगाव, नांदेड किंवा गोव्यातल्या विद्यापीठातून काम करणाऱ्याला इंटिग्रेटिंग स्फिअर किंवा निर्वात बाष्पीभवनाची सोय यातून गाठता येते.

दुसऱ्या संस्थेत फिल्म घेऊन जाताना ग्लोव्ह बॉक्समध्येच दोन पिशव्यांत सील करा, बाहेरून फॉइल गुंडाळा आणि सोबत एक ओळखीच्या पॉलिमरची फिल्म न्या. तिथे पोचल्यावर आधी ती मोजा. तिचा आकडा तुमच्या प्रयोगशाळेतल्या आकड्याशी जुळला, तरच नव्या पदार्थाची फिल्म पिशवीतून बाहेर काढा.